स्टोकर्सचं दफन

पोर्ट हॅलोरनची माणसं वर्षातून चारच दिवस खरं बोलतात, आणि तेही नाइलाज म्हणून. जुलैच्या मध्यात बेसबॉलला सुट्टी असते. निम्मा हंगाम उरकलेला, निम्मा डोक्यावर, आणि देशभरातले निवडक खेळाडू कुठेतरी एका दिखाऊ सामन्याला गेलेले. प्रत्येक संघातला एकजण तरी न्यायचाच असा नियम आहे, म्हणून पोर्ट हॅलोरन स्टोकर्सचाही एकजण जातो आणि बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळून परत येतो. या चार दिवसांत टीव्हीवर सामना नसतो, शिव्या घालायला कोणी नसतं, आणि मग माणसांना बसून विचार करावा लागतो. या गावाला विचार झेपत नाही. सवय नाही ना.

विचाराची जागा म्हणजे कटलर स्ट्रीटवरचं ऑटिस ब्लेडसोचं गॅरेज. ऑटिस टपाल वाटतो, त्यामुळे कोणाच्या घरी कुठलं बिल थकलंय आणि कोणाला कोर्टाचं बोलावणं आलंय हे त्याला त्या त्या माणसाच्या आधी कळतं. एवढ्या माहितीवर माणूस स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागला तर दोष कोणाला द्यायचा? दर जुलैला तो गॅरेजच्या दारात जाळीवर सॉसेज भाजतो, बर्फात बियर पुरतो, आणि गल्ली जमली की स्टोकर्स ऑक्टोबरातल्या प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचणार की नाही याचा निकाल लागतो.

त्या वर्षी स्टोकर्स पहिल्या नंबरच्या संघाच्या नऊ सामने मागे होते.

"नऊ म्हणजे काही नाही," ऑटिस चिमटा हवेत नाचवत म्हणाला. "साधा हिशोब आहे. यापुढे दहापैकी सात जिंकायचे, आणि आपल्या पुढे असलेल्या चार संघांनी दहापैकी सहा हरायचे."

"आणि मी दहापैकी सात दिवस कोबी खाल्ला तर मीसुद्धा पुढच्या महिन्यात सेंटरफिल्डला धावेन," बर्निस म्हणाली. बर्निस कोवाल्चिक दातांच्या दवाखान्यात काम करते. 'काही दुखणार नाही हं' हे वाक्य ती दिवसभर विकत असल्यामुळे घरी आल्यावर कोणाची खोटी आशा तिला सहन होत नाही.

"मला पोटात जाणवतंय," समोरच्या घरातल्या मिसेस ग्लेडिस फिंच म्हणाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एक कान कामातून गेलेला, हातात बारा महिने छत्री. "पोटात जाणवतंय, हे वर्ष आपलं."

"गेल्या वर्षी जाणवलं होतं तो पित्ताशयाचा खडा निघाला, मिसेस फिंच."

मग सगळ्यांच्या माना हळूच वेंडलकडे वळल्या, आणि ओठांचे कोपरे आधीच वर गेले.

वेंडल कोवाल्चिक म्हणजे बर्निसचा नवरा, गावच्या शाळेतला लाकूडकामाचा मास्तर. स्टोकर्स शेवटचे ऑक्टोबरात पोचले तेव्हा वेंडल नऊ वर्षांचा होता आणि बापाने त्याच्यासाठी तिकीट काढून ठेवलं होतं. सामन्याच्या सकाळी त्याला गालगुंड झालं. तिकीट शेजारच्या डेकरांच्या पोराला मिळालं, आणि टीव्हीने डोळ्यांना ताप होतो म्हणून आईने टीव्हीवर चादर टाकली. त्यानंतर स्टोकर्सनी ऑक्टोबरचं तोंड पाहिलं नाही, म्हणजे वेंडलनेही पाहिलं नाही. आयुष्यात एकदा आपला संघ प्लेऑफमध्ये खेळताना बघायचा एवढं एकच मागणं घेऊन हा माणूस बावन्न वर्षांचा झाला होता. दर जुलैला तो या गॅरेजमध्ये उभा राहून शपथेवर सांगायचा, 'यंदा जाणार', आणि दर सप्टेंबरला गल्ली त्याच्या गालांना हात लावून विचारायची, 'सूज उतरली का रे?'

"बोल की वेंडल," ऑटिस म्हणाला. "यंदा जाणार ना?"

वेंडलने बियरची बाटली खाली ठेवली. आठवड्यापूर्वीच संघाच्या मालकाने एकुलता एक बरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, विकला होता. मालक राहतो फ्लोरिडात. स्टेडियम बांधलं गावाच्या करातून, त्यावर नाव लागलं गाद्या विकणाऱ्या एका कंपनीचं, आणि झोपेचा धंदा करणाऱ्यांनी जागा अचूक निवडली होती एवढं कबूल केलं पाहिजे. पिचर विकल्यावर मालक म्हणाला, ही पुनर्बांधणी आहे. पुनर्बांधणी म्हणजे राहतं घर पाडायचं आणि भाडेकरूला सांगायचं, बघ, हवा किती खेळती झाली.

"मेले," वेंडल म्हणाला.

"काय?"

"स्टोकर्स मेले. जिवंत असल्याचं सोंग मी आणखी करणार नाही. उद्या मी त्यांना पुरतो."

गॅरेजमध्ये असं हसू फुटलं की ऑटिसचं एक सॉसेज निखाऱ्यात पडलं. "तू पुरणार? अरे लेका, तुला मेलेला गोल्डफिश पुरता आला नव्हता! दोन दिवस पाणी बदलत होतास त्याचं."

एवढं कारण पुरलं. जगातली निम्मी बांधकामं अशीच उभी राहिली आहेत, कोणीतरी कोणाला तरी हसलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी वेंडलने शवपेटी करायला घेतली. साधी प्लायची, खिळे ठोकून, दुपारपर्यंत उरकायची असा बेत होता. पण मास्तरला वाईट काम करता येत नाही, हाच मास्तरचा रोग. प्लायच्या जागी पाइन आलं. खिळ्यांच्या जागी खाचा कापून सांधे आले. कुंपणापाशी सल्लागार समिती बसली. ऑटिस म्हणाला, ओक हवं. मिसेस फिंच म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्याच्या पेटीला पितळी कड्या होत्या, कड्यांशिवाय माणूस सामानासारखा दिसतो. कोणी म्हणालं झाकण दोन तुकड्यांत हवं, कोणी म्हणालं अस्तर लाव. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने स्टूल दुरुस्त केलं नव्हतं, ते सगळे शवपेटीतले तज्ज्ञ निघाले.

"माप कोणाचं?" ऑटिसने विचारलं.

हा प्रश्न वेंडलला सुचला नव्हता. अख्खा संघ मावेल एवढी पेटी अंगणात बसणार नव्हती. शेवटी वेंडल स्वतःच गवतावर आडवा झाला, बर्निसने टेपने त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजला आणि म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार चार वर्षं एका बिजागरीवर लटकतंय. त्याला न्याय मिळवायचा तर कोणाला मरावं लागेल तेवढं सांग, मी व्यवस्था करते."

शुक्रवारी संध्याकाळी, स्टोकर्सचा सुट्टीनंतरचा पहिला सामना सुरू होण्याच्या वेळेला, वेंडलने लग्नातला काळा लोकरी सूट चढवला आणि पेटी पुढच्या अंगणात मांडली. गावाशेजारच्या सरोवरावरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना जमिनीत खुंट्या ठोकल्या. झाकणावर सुबक कोरलं होतं, 'स्टोकर्स. जन्म एप्रिल, मृत्यू जुलै.' अख्खी गल्ली आली. मयताला आणतात तसं बटाट्याचं सॅलड आणि हॅम आलं. मिसेस फिंच दोन शब्द बोलल्या, ते दोनाचे दोनशे झाले. पेटीत संघाची गेल्या वर्षीची टोपी ठेवली, झाकण लावलं, आणि लोक सामना बघायला ऑटिसच्या गॅरेजमध्ये निघून गेले. वेंडल गेला नाही. तत्त्वाचा माणूस. सूट घालून, खुर्ची टाकून, पेटीशेजारी बसून राहिला.

स्टोकर्स जिंकले. अकरा धावांनी.

शनिवारीही तेच. रविवारी वेंडल बर्फ मागायला गॅरेजमध्ये शिरला आणि टीव्हीकडे त्याची जरा नजर गेली, तेवढ्यात समोरच्या संघाने होम रन मारला.  वेंडल बर्फ घेऊन पेटीपाशी परतला, आणि स्टोकर्सनी लागोपाठ तीन धावा काढल्या. ऑटिसने रिमोट खाली ठेवला. शास्त्रज्ञ जागा झाला.

"वेंडल! जरा ये रे इकडे."

वेंडल आला. बॅटर बाद.

"जा परत."

वेंडल गेला. पुढच्याने चेंडू भिंतीवर आदळवला.

"बास," ऑटिस गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला. त्याचा चेहरा भूकंपाची नोंद मिळालेल्या माणसासारखा झाला होता. "वेंडल, लेका, इतकी वर्षं कळत नव्हतं आपण का हरतो. तू बघत होतास म्हणून."

"म्हणजे मी पनवती?"

"पनवती नाही रे. आता औषध आहेस तू. औषध जरा लांब ठेवावं लागतं एवढंच."

त्या संध्याकाळपासून वेंडलचं आयुष्य गल्लीने ताब्यात घेतलं. पेटी हलवायची नाही. सामना असेल तेव्हा सूट घालून शेजारी बसायचं. टीव्ही नाही, रेडिओ नाही, सकाळचं वर्तमानपत्र बर्निस खेळाचं पान काढून देणार. आणि कोणी विचारलं तर मान हलवून म्हणायचं, मेले. आधी वेंडल हसला, मग चिडला, मग ओरडला. "मी या संघासाठी आयुष्य घातलंय! आणि आता ते जिंकताहेत तर मीच बघायचं नाही?"

"संघासाठी आयुष्य घातलंस ना?" ऑटिस शांतपणे म्हणाला. "मग संध्याकाळ घाल."

जुलै संपला, स्टोकर्स सहा सामने मागे होते. ऑगस्ट अर्धा झाला, चार. वेंडल लोकरी सुटात उकडत होता. सूट आकसतोय की आपण फुगतोय हे त्याला कळेना. शेजारच्या गल्लीतले लोक गाड्या हळू करून बघायचे, बायका छातीवर क्रूस काढायच्या, कोणीतरी पेटीवर फुलं ठेवून गेलं. गॅरेजमधून आरडाओरडा ऐकू यायचा आणि तो आनंदाचा की दुःखाचा हे ओळखण्यात वेंडलचा कान इतका तयार झाला की 'हा दोन धावांचा', 'हा झेल सुटला' असं तो मनाशी म्हणायचा. ऑटिसला हे कळलं तेव्हा त्याने गॅरेजचं दार बंद करून घेतलं.

मग नगरपालिकेची नोटीस आली. पुढच्या अंगणात विनापरवाना बांधकाम, दहा दिवसांत हटवा.

जगात पहिल्यांदाच कोणा माणसाने नगरपालिकेच्या नोटिशीचं चुंबन घेतलं असेल. वेंडल दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेत हजर. खिडकीमागे एक बाई च्युइंगगम चघळत बसल्या होत्या.

"आत कोणी आहे?" त्यांनी विचारलं.

"कशात?"

"शवपेटीत."

"नाही. टोपी आहे."

"मग ती शवपेटी नाही, सामानाची पेटी. सामान पुढच्या अंगणात ठेवता येत नाही."

"आत कोणी असतं तर?"

"तर दफन. त्याला आरोग्य खातं. तिसरा मजला, पण ते बुधवारीच बसतात."

"बाई, मला ती काढायचीच आहे. आनंदाने काढतो. आजच काढतो."

"जमिनीत पक्की केलीये?"

"चार खुंट्या आहेत."

"मग बांधकाम झालं. बांधकाम काढायचं तर पाडकामाचा परवाना लागतो. पत्ता?"

वेंडलने पत्ता सांगितला. कटलर स्ट्रीट ऐकताच बाईंचं चघळणं थांबलं. त्या खुर्चीतून उठल्या. "तुम्ही ते पेटीवाले?" आणि मागे वळून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अरे, पेटीवाले आलेत! पाडकामाचा परवाना मागताहेत!"

टंकलेखन थांबलं. फोन खाली ठेवले गेले. करवसुलीच्या टेबलावरून एक म्हातारा उठला आणि मुख्य दाराला पाठ लावून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी खुद्द बांधकाम निरीक्षक प्रिचर्ड अंगणात आले. वेंडलला पाहून त्यांनी हॅट काढली. "मिस्टर के, ओळखलंत? तुमच्या वर्गात होतो. माझ्या पक्ष्यांच्या लाकडी घराला तुम्ही नापास केलं होतं."

"छप्पर उलटं होतं, नेल्सन."

"असू दे. जुनं झालं." प्रिचर्डनी पेटीभोवती एक फेरी मारली, सांध्यांवरून बोट फिरवलं, आणि खिशातून शिक्का काढून नोटिशीवर मारला. 'तात्पुरतं धार्मिक बांधकाम. मुदत, ऑक्टोबर अखेर.'

"नेल्सन, मला ती काढायची आहे!"

"मिस्टर के," निरीक्षक खालच्या आवाजात म्हणाले, "आता ही काढलीत तर तीन हजारांचा दंड लावीन. शिवाय आई मला घरात घेणार नाही."

हीच ती नगरपालिका बरं का. शाळेसमोर गाड्या थांबवायची पाटी लावा म्हणून वेंडलने नऊ वर्षं अर्ज केले, नऊ वर्षं फाइल 'विचाराधीन' होती. आणि हेच ते गाव. चुलींचा कारखाना बंद झाला, ज्याच्या भट्ट्यांत कोळसा ओढणाऱ्यांवरून संघाला स्टोकर्स नाव पडलं तोच कारखाना, तेव्हा अर्धं गाव एका दुपारी बेकार झालं. निषेधाला फाटकाशी किती माणसं गेली होती? पाव शेकडा. बाकीचे म्हणाले, आपल्या हातात काय आहे? आणि आता त्याच गावाची खात्री झाली होती की नऊ सामन्यांची पिछाडी एका मास्तरच्या लोकरी पँटमुळे भरून निघते आहे. ज्याच्या हातात काहीच उरत नाही तो खुंट्यांना धरून बसतो. हसायचं त्यांना हसू दे. वेंडलला हसू येत नव्हतं, त्याच्या मांड्यांना पुरळ आलं होतं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. मुख्याध्यापिकांनी त्याला बोलावून सूट शाळेतही घालावा अशी 'सूचना' केली, धोका कशाला पत्करायचा म्हणून. मग टीव्हीवाली मुलगी आली, कॅमेरा घेऊन. "मिस्टर कोवाल्चिक, स्टोकर्स आता फक्त एका सामन्याने मागे आहेत. तुम्हाला काय वाटतं?" कुंपणापलीकडे अख्ख्या गल्लीने श्वास रोखून धरला.  ज्या प्रश्नाची तो वर्षानुवर्षं वाट पाहत होता तो कोणीतरी कॅमेऱ्यासमोर विचारला होता. त्याने ऑटिसकडे पाहिलं. ऑटिस हात जोडून उभा होता.

"मेले," वेंडल म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवर ते फार छान दिसलं म्हणतात.

त्या रविवारी दुपारी त्याने बंड केलं. हातोडी घेऊन पहिली खुंटी उपटली. दुसरीला हात घातला तोच पाठीत छत्रीचं टोक टोचलं.

"वेंडल."

"मिसेस फिंच, बाजूला व्हा. मला सामना बघायचाय. माझाही संघ आहे तो."

"आहे ना." त्या पेटीच्या कडेला टेकल्या. "पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्यापाशी पुढचा हंगाम असेलच असं नाही. तू पुढच्या वर्षी आशा कर. तुला सवय आहे."

 वेंडलने खुंटी पुन्हा ठोकली आणि सुटाची वरची गुंडी लावली.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. बरोबरी झाली होती. दुपारी तीनला गावच्याच मैदानावर सामना, जिंकेल तो प्लेऑफला, हरेल तो घरी. गल्लीने तिकिटं काढली, ऑटिसने बस ठरवली. निघताना प्रत्येकजण वेंडलच्या खांद्यावर हात ठेवून गेला. सैनिकाला निरोप देतात तसा, फरक एवढाच की निघाले होते तेच.

"तू नसतास तर आम्ही आज तिथे नसतो रे," ऑटिस गहिवरून म्हणाला.

"मी नाहीच आहे तिथे," वेंडल म्हणाला.

सगळ्यांत शेवटी बर्निस आली. तिने त्याच्या मांडीवर रुमालात बांधलेलं सँडविच ठेवलं. रुमाल सँडविचपेक्षा जड होता.

"काय आहे यात?"

"हॅम," बर्निस म्हणाली. "मी काही पाहिलेलं नाही. मला काही माहीत नाही. आणि कपाटाचं दार सोमवारी लागलं पाहिजे." आणि ती बसमध्ये चढली.

रुमालात वेंडलच्या बापाचा खिशातला रेडिओ होता. नव्या बॅटऱ्या घातलेला.

आता अडचण एकच, समोरच्या व्हरांड्यातली. मिसेस फिंचना स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे गल्लीने त्यांना पहाऱ्यावर ठेवलं होतं, दिवंगत नवऱ्याची पक्षी बघायची दुर्बीण देऊन. वेंडलने उजवीकडे पाहिलं, दुर्बीण उजवीकडे. त्याने नाक खाजवलं, दुर्बीण नाकावर. घरात जायची सोय नव्हती. या सबंध कटलर स्ट्रीटवर मिसेस फिंचच्या नजरेआड अशी एकच जागा होती, आणि ती नेमकी त्याच्याच मापाची होती.

"मिसेस फिंच!" तो ओरडला. "आज शेवटचा दिवस आहे! मान राखायचा म्हणून मी आतच झोपतो!"

मिसेस फिंचनी दुर्बीण खाली केली आणि हृदयावर हात ठेवला. असा माणूस गावाला पुन्हा मिळणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

वेंडल पेटीत शिरला. झाकण लावून घेतलं. आत पाइनचा वास, जुनी टोपी आणि अंधार. सांधे एवढे चोख होते की उजेडाची रेघसुद्धा आत येत नव्हती, आणि इतक्या संकटातही मास्तरला त्याचा जरा अभिमान वाटला. त्याने रेडिओ कानाला लावला आणि बटण फिरवलं.

काय सांगायचं? जुलैपासून उपाशी ठेवलेल्या माणसासमोर कोणी पंगत मांडावी तसं झालं. गर्दीचा आवाज, समालोचकाचा बसका घसा, बॅटवर चेंडू लागल्याचा तो टणत्कार. नऊपैकी चौथ्या इनिंगपर्यंत तो शहाण्यासारखा पडून राहिला. सहाव्यात त्याने टोपीची कड चावली. आठव्यात स्टोकर्सच्या तिसऱ्या बेसवरच्या गड्याने चेंडू उचलला आणि नेमका चुकीच्या दिशेने फेकला, आणि समोरचा संघ एका धावेने पुढे गेला.

"अरे गाढवा! दुसऱ्या बेसवर! दुसऱ्या बेसवर फेक!"

झाकण थरथरलं.  मग झाकणावर टकटक झाली. छत्रीची.

"वेंडल."

पेटीत स्मशानशांतता.

"वेंडल, मेलेला माणूस 'दुसऱ्या बेसवर फेक' असं ओरडत नाही."

"...झोपेत बोललो, मिसेस फिंच."

"रेडिओ आहे ना आत?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या इनिंगपासून."

 वेंडल आपल्या शिक्षेची वाट पाहत पडला होता. आत्ता छत्री येणार, रेडिओ जाणार, आणि स्टोकर्स हरले तर गाव त्याला याच पेटीत, याच सुटात, नेल्सनच्याच शिक्क्याने पुरणार.

"आणि अजून सामन्यात आहोत आपण?" मिसेस फिंचनी विचारलं.

"एका धावेने मागे. शेवटची इनिंग राहिलीये. बॅटिंग आपली."

"पहिल्यापासून चालू होता म्हणतोस?"

"हो."

"मग आता बंद केलास तर तुला मी खरंच पुरेन. आवाज वाढव. मला कमी ऐकू येतं."

आणि त्या झाकणावर बसल्या.

नववी इनिंग. पहिला बाद. दुसरा बाद. तिसऱ्याने कसाबसा पहिला बेस गाठला. मग आला लुथर गॅम्बल, संघातला सगळ्यांत म्हातारा गडी, बॅटरमागे उकिडवा बसणारा कॅचर, ज्याचे गुडघे खाली बसताना कुरकुरतात ते म्हणे वरच्या मजल्यावर ऐकू येतं, आणि ज्याला जुलैत मालकाने विकायला काढला तेव्हा कोणी घेतलाच नव्हता. पहिला स्ट्राइक. दुसरा स्ट्राइक. आता तिसरा चुकला की हाही बाद, आणि ऑक्टोबर संपला.

"काय झालं? वेंडल, काय म्हणाला तो?"

"दोन स्ट्राइक!"

"अरे देवा. श्वास घेऊ नकोस."

"तसाही येत नाहीये, मिसेस फिंच!"

मग तो टणत्कार. समालोचकाला शब्द सापडेनात, नुसता 'गेला, गेला, गेला' एवढंच, आणि मग एवढा कल्लोळ की पेटीचं लाकूड घुमायला लागलं. "दोन धावा! जिंकलो!" वेंडल ओरडला आणि आतून झाकणावर दोन्ही मुठी आपटायला लागला. वरून मिसेस फिंच छत्री आपटायला लागल्या. त्या क्षणी रस्त्यावरून कोणी गेलं असतं तर त्याने थेट पोलिसांना बोलावलं असतं.

"उठा, मिसेस फिंच! उघडा!"

"थांब जरा," वरून आवाज आला. "आधी मला रडून घेऊ दे."

बस परत आली तेव्हा वेंडल पेटीशेजारी खुर्चीवर होता, सूट घामाने भिजलेला, चेहरा शक्य तेवढा सुतकी ठेवलेला, रेडिओ पँटच्या आत. माणसं बसमधून सांडली. ऑटिसने त्याला मिठी मारून खुर्चीतून उचलला. कोणी त्याच्या डोक्यावर बियर ओतली. वेंडल मनातल्या मनात मंगळवारचं बघत होता. मंगळवारी प्लेऑफचा पहिला सामना. आता तरी न्या म्हणावं. आता झालं ना? पुरेसा मेलो ना मी?

"ऑटिस," तो घसा साफ करून म्हणाला, "मंगळवारी मी..."

"तो आत होता," मिसेस फिंच म्हणाल्या.

"कुठे आत?"

"पेटीत. पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत. झाकण लावून."

वेंडलने त्यांच्याकडे पाहिलं. रेडिओचा 'र' त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. त्या छत्रीकडे बघत होत्या.

ऑटिसचा चेहरा बदलला. तोच, भूकंपाच्या नोंदीवाला. "झाकण लावून?" त्याने हळूच विचारलं. "नवव्या इनिंगलासुद्धा?"

"मी स्वतः वर बसले होते."

"आणि वर तुम्ही बसला होता," ऑटिस पुटपुटला, जणू हेही नोंदवून घेतलं पाहिजे. गल्ली एकमेकांकडे बघायला लागली. कोणी म्हणालं, आत उशी हवी. कोणी म्हणालं, मंगळवारी थंडी असेल, ब्लँकेट लागेल. निरीक्षक प्रिचर्डही बसमधून आले होते. ते म्हणाले, राहत्या माणसासाठी हवेशीरपणाचा नियम आहे, पण त्याचं बघता येईल. बर्निसने नवऱ्याच्या पँटकडे पाहिलं, तिथे काहीतरी चौकोनी दिसत होतं, आणि ती पुढे येऊन त्याच्यासमोर आडवी उभी राहिली.

"हवेची भोकं पाडू," ऑटिस उत्साहाने म्हणाला, आणि गॅरेजमधून ड्रिल घेऊन धावत आला. त्याने टोक झाकणावर टेकवलं, नेमकं 'मृत्यू' या शब्दावर, कोरीवकामाच्या मधोमध.

वेंडल पुढे झाला. सुटाची गुंडी लावली. हात पुढे केला.

"दे इकडे ते," तो म्हणाला. "तुझ्या हातून लाकूड चिरेल."